सिस्टिम अ‍ॅनालिस्टची पात्रता : पदवी आणि कामाची जाण

सिस्टिम अ‍ॅनालिस्टच्या (म्हणजे कचेरीचे काम समजून घेऊन ते संगणकावर कसे बसवायचे हे ठरवणाऱ्याच्या) जाहिरातीत आजही आधी पदवी विचारतात, मग काही वर्षांचा प्रोग्रॅमिंगचा अनुभव. संवादकौशल्याची ओळ आलीच तर शेवटी येते. हा क्रम मुळात असा नव्हता.

ब्रिटनमध्ये एका चहा-बेकरी कंपनीने १९५१ साली स्वतः बांधलेल्या संगणकावर कचेरीची कामे घ्यायला सुरुवात केली. काम कसे मांडायचे हे तिथे कचेरीच्या पद्धती वर्षानुवर्षे तपासणाऱ्या माणसांनी ठरवले. कोणता कागद कोणाच्या टेबलावरून कुठे जातो, हे त्यांना पाठ होते. पुढे पंचकार्डांच्या, म्हणजे भोके पाडलेल्या कार्डांवरून संगणकात माहिती भरण्याच्या, काळात संगणक कंपन्यांनी अभियोग्यता चाचण्या आणल्या. त्यांत अंकमालिका, आकृत्या आणि गणिते असत. समोरच्याचे ऐकून घेण्याची क्षमता कुठलीच चाचणी मोजत नव्हती.

आपल्याकडे पात्रतेचा हा प्रश्न खऱ्या अर्थाने पेटला तो बँकांत. संगणक आला की नोकऱ्या जाणार, ही धास्ती १९६०च्या दशकापासून होती. १९८३ साली बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यात करार झाला, कोणती यंत्रे कोणत्या कामांसाठी आणायची हे त्यात ठरले आणि शाखांमध्ये लेजर पोस्टिंगची, म्हणजे खातेवहीत नोंदी करणारी, यंत्रे येऊ लागली. मग वादाचा मुद्दा उरला : या कामांचे विश्लेषण करायचे कोणी? बाहेरून संगणकाचे पदवीधर घ्यायचे, की काउंटरवर घडलेल्या अधिकाऱ्यांना प्रशिक्षण द्यायचे? दोन्ही वाटा वापरल्या गेल्या. पण आतल्या माणसाला काय ठाऊक होते, याची नोंद फारशी झाली नाही.

बचत खात्याच्या व्याजाचेच घ्या. दहा तारखेपासून महिनाअखेरपर्यंतची किमान शिल्लक धरून तेव्हा व्याज लागे. नियम एका ओळीचा. पण दहा तारखेला सुट्टी असली तर? चेक जमा दाखवला आणि दोन दिवसांनी परत आला तर? मागच्या तारखेने नोंद दुरुस्त केली तर किमान शिल्लक कोणती धरायची? याची उत्तरे लेजरवर बसणाऱ्या क्लार्ककडे होती, आणि ज्या यंत्रामुळे आपली खुर्ची जाईल असे त्याला वाटत होते, त्याच यंत्रासाठी ती सांगायला त्याला बसवले जात होते. अशा माणसाशेजारी चार दिवस बसणे, न समजलेले पुन्हा विचारणे, त्याने सांगितलेले साध्या भाषेत लिहून त्यालाच वाचून दाखवणे, ही खरी पात्रता होती. फ्लोचार्ट, म्हणजे कामाच्या पायऱ्यांची आकृती, त्यानंतर.

पदाच्या नावातल्या शब्दानेही गोंधळ वाढवला. अमेरिकेत ‘सिस्टिम्स अ‍ॅनालिसिस’ म्हणजे लष्करी पर्यायांचा खर्च आणि उपयोग तोलणे, असाही अर्थ रूढ होता. आपल्या सरकारी मराठीत ‘प्रणाली विश्लेषक’ आले. त्यात काम सुटे करून पाहणे आहे, पण नव्याने जुळवणे नाही, आणि या माणसाला तर दोन्ही करावे लागते. त्याहून मोठे नुकसान वेतनश्रेणीने केले. प्रोग्रॅमरच्या वरची पायरी म्हणजे सिस्टिम अ‍ॅनालिस्ट, असे ठरून गेले. उत्तम प्रोग्रॅमरला बढती मिळे आणि ज्या कामाची त्याला कधी ओढ नव्हती ते त्याच्या गळ्यात पडे. उलट, काम आतून जाणणाऱ्या, पण कोबोल ही प्रोग्रॅमिंगची भाषा न येणाऱ्या अधिकाऱ्याला त्या पायरीवर चढताच येत नसे. हा अन्याय होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

नंतरचे बदल भराभर झाले. एमसीए या संगणकाच्या पदव्युत्तर पदवीच्या जागा वाढल्या. १९९०च्या दशकाच्या अखेरीस वर्षाचे दोनच आकडे ठेवणारे, म्हणून २००० साल लागताच चुकू शकणारे जुने प्रोग्रॅम तपासायला हजारो तरुण लागले, तेव्हा जुना कोड वाचता येणे हीच मोठी पात्रता ठरली. मग सगळ्या शाखांची खाती एकाच मध्यवर्ती यंत्रणेत ठेवणारे कोअर बँकिंग आले, तयार पॅकेज घेऊन ते बँकेच्या कामाशी जुळवण्याची पद्धत आली. २००१ नंतर अ‍ॅजाइलचा, म्हणजे छोट्या टप्प्यांत काम करून दाखवत ते सुधारण्याच्या पद्धतीचा, बोलबाला झाला आणि काय हवे ते आधीच लिहून ठेवणारे लांबलचक आवश्यकता-दस्तऐवज मागे पडले. ‘बिझनेस अ‍ॅनालिस्ट’ हे पद वेगळे निघाले. त्याच्या जाहिरातीत मात्र त्या-त्या व्यवसायाचे ज्ञान पहिल्या काही ओळींतच मागतात.

दहा तारखेचा तो नियम १ एप्रिल २०१० पासून गेला. आता व्याज रोजच्या शिल्लकेवर मोजतात.