वहिवाटीचा हक्क (कोकण)

वहिवाटीचा हक्क, कायद्याच्या भाषेत सुविधाधिकार, म्हणजे आपल्या जमिनीचा नीट उपभोग घेता यावा म्हणून दुसऱ्याच्या जमिनीवर चालणारा मर्यादित हक्क. त्या जमिनीतून जाणे-येणे, पाटाचे पाणी नेणे, छपराच्या पागोळ्या तिच्यात पडू देणे, खिडकीला उजेड-वारा मिळत राहणे, हे त्याचे नेहमीचे प्रकार. जमीन शेजाऱ्याचीच राहते, तिच्यात वाटा मिळत नाही. शेजाऱ्याने काय करू द्यायचे किंवा काय करायचे नाही, एवढेच बंधन येते. ते माणसावर नसून जमिनीवर असते, म्हणून घर विकले की हक्क घराबरोबर खरेदीदाराकडे जातो, खरेदीखतात वाटेचा उल्लेख नसला तरी. असा कोणताही हक्क किंवा परवानगी नसताना दुसऱ्याच्या जमिनीत शिरणे हे अतिक्रमण ठरते, मग नुकसान झालेले असो वा नसो.

याविषयीचा मुख्य कायदा म्हणजे भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882. सुरुवातीला तो मद्रास इलाखा, मध्य प्रांत आणि कूर्गपुरता होता. मुंबई इलाख्याला, आणि म्हणून कोकणाला, तो 1891 च्या आठव्या अधिनियमाने लागू झाला.

कोकणातली वाट

कोकणातले गाव एका जागी दाटलेले नसते. वाडी उतारावर विखुरलेली असते, प्रत्येक घर आपापल्या परड्यात, भोवती जांभ्या दगडाचा गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत. वर सडा (खडकाळ माळ), खाली भाताचे मळे, मधून एखादा पऱ्या किंवा व्हाळ (ओढा). विहिरीवर, देवळात, मळ्यात किंवा एसटीच्या थांब्यावर जायचे तर दुसऱ्याच्या ठिकाणात पाय पडतोच. गडग्याला दोन चिरे (जांभ्याचे घडीव दगड) काढून ठेवलेली खिंड, तिच्यासमोर पायरीसारखा टाकलेला एक झिजलेला दगड, पलीकडे आंब्याच्या कलमांच्या मधून गेलेली हातभर रुंदीची पायवाट: वाटेच्या बहुतेक दाव्यांतला पुरावा एवढाच असतो. न्यायालयाने नेमलेला कमिशनर जागेवर येतो तेव्हा याच गोष्टी बघतो. दगड किती झिजला आहे, खिंड मूळ बांधकामातली आहे की मागाहून पाडलेली, वाटेवरची माती पायांनी घट्ट झाली आहे की नुकतीच साफ केली आहे.

दोन गडग्यांमधली पाणंद बऱ्याचदा गावनकाशावर दाखवलेली असते. ती सार्वजनिक असेल तर तिच्यासाठी वहिवाटीचा हक्क सिद्ध करायची गरजच नाही, ती सर्वांचीच. ग्रामपंचायतीने बांधलेल्या पाखाडीबद्दलही (दगडी पायऱ्यांच्या वाटेबद्दलही) सहसा वाद होत नाहीत. भांडणे होतात ती बागेतल्या, नकाशावर नसलेल्या पायवाटेवरून.

यामागे जमीनमालकीचा इतिहासही आहे. खोताकडे, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराकडे, गाव होते तोवर अनेक ठिकाणी कुळांच्या वाटा खोताच्याच जमिनीतून जात. एकाच मालकाच्या दोन तुकड्यांमध्ये असा हक्क संभवत नाही, कारण स्वतःच्या जमिनीवर माणूस मालक म्हणूनच चालतो. मुंबई खोती निर्मूलन अधिनियम, 1949 आणि पुढे कूळकायद्याखाली 1 एप्रिल 1957 चा कृषकदिन यांनी जमिनी कसणाऱ्यांच्या नावावर झाल्या, मालक वेगळे झाले आणि काल एका मालकीतून जाणारी वाट आज चार सातबाऱ्यांवरून जाऊ लागली. वाटेचा उल्लेख मात्र त्या सातबाऱ्यांवर क्वचितच झाला.

सामाईक जमिनीचा प्रकार आणखी निराळा. सहहिस्सेदार आपल्याच अविभक्त जमिनीतून जातो तेव्हा तो वहिवाटीचा नव्हे, मालकीचा हक्क वापरत असतो. चुलतभावाने वाट अडवली म्हणून वहिवाटीचा दावा लावण्यात कित्येकांची वर्षे जातात, खरा उपाय वाटपाच्या दाव्यात असताना.

वीस वर्षांचा वापर

दीर्घ वापराने हक्क कसा मिळतो हे सुविधाधिकार अधिनियमाचे कलम 15 सांगते. वापर शांततेने, उघडपणे, हक्क म्हणून आणि खंड न पडता 20 वर्षे झालेला असला पाहिजे. जमीन सरकारची असेल तर 30 वर्षे. ही मुदत दावा दाखल करण्यापूर्वीच्या दोन वर्षांच्या आत संपलेली हवी. म्हणजे साठ वर्षे चाललेली वाट बंद झाल्यावर तीन वर्षे गप्प बसून मग न्यायालयात गेलेल्या माणसाला ती साठ वर्षे या कलमाखाली कामी येत नाहीत. कोकणात शेजारी दुखावू नये म्हणून थांबण्याची सवय आहे, आणि हक्क जातात ते बहुधा या थांबण्यात.

मुंबईच्या चाकरमान्यांच्या दृष्टीने याच कलमाचे स्पष्टीकरण महत्त्वाचे आहे. घर अकरा महिने बंद आणि गणपतीला, शिमग्याला उघडते, म्हणून वापरात खंड पडला असे होत नाही. खंड तेव्हाच धरला जातो जेव्हा दुसऱ्या कोणी अडथळा केल्यामुळे वापर खरोखर थांबतो आणि तो अडथळा कळल्यावरही माणूस वर्षभर तो सोसतो. वर्ष मोजायचे ते अडथळा उभा राहिल्यापासून नव्हे, तो समजल्यापासून. मात्र एकदा मिळालेला हक्क सलग 20 वर्षे वापरलाच नाही तर कलम 47 नुसार संपतो. ओस पडलेल्या घरांच्या वाटा अशाच मिटतात.

या सगळ्यात सर्वांत नाजूक शब्द 'हक्क म्हणून' हे आहेत. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उलटतपासणीला वकील सहज विचारतो, "मग तुम्ही त्यांना सांगून जायचात?" गावचा माणूस सरळपणाने म्हणतो, "हो तर, विचारूनच जायचो. शेजारधर्म आहे तो." त्याच्या दृष्टीने हे चांगुलपणाचे उत्तर. पण विचारून जाणे म्हणजे परवानगीने जाणे, आणि परवानगीचा वापर कितीही वर्षे चालला तरी कलम 15 खाली हक्क होत नाही. दारातून जाताना हाक मारणे, विचारपूस करणे वेगळे आणि परवानगी मागणे वेगळे. खटल्यात हा फरक स्पष्ट मांडणे हे वकिलाचे काम आहे, आणि साक्षीदाराला तो आधी समजावून न सांगणे ही मोठी हयगय.

नुसत्या परवानगीला कायद्यात अनुज्ञप्ती म्हणतात (कलम 52). ती मालक केव्हाही काढून घेऊ शकतो. अपवाद असा की परवानगीवर विसंबून कोणी स्वखर्चाने कायम स्वरूपाचे बांधकाम केले असेल, तर कलम 60 प्रमाणे ती मागे घेता येत नाही. शेजाऱ्याच्या होकाराने त्याच्या जागेत बांधलेला पक्का साकव (छोटा पूल) या कलमात बसू शकतो.

गरजेची वाट

'माझ्या जमिनीला दुसरी वाटच नाही, म्हणजे कायदा मला वाट देणारच', अशी समजूत सर्वत्र आहे. ती अर्धीच खरी आहे. कलम 13 चा गरजेचा हक्क तेव्हाच निर्माण होतो जेव्हा दोन्ही जमिनी पूर्वी एकाच मालकाच्या होत्या आणि विक्री, मृत्युपत्र किंवा वाटपाने त्या वेगळ्या झाल्या. भावांच्या वाटण्यांत मागचा हिस्सा कोंडला गेला, तर त्याला पुढच्या हिश्श्यातून वाट मिळते. कधीच एक नसलेल्या जमिनींना हे कलम लागत नाही. शिवाय गरज म्हणजे सोय नव्हे: लांबची, चढाची का होईना, दुसरी वाट असली तर गरज सिद्ध होत नाही, आणि पुढे नवा रस्ता झाला तर कलम 41 प्रमाणे हा हक्क संपतो.

ज्यांना कलम 13 लागू नाही अशा शेतकऱ्यांसाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 चे कलम 143 आहे. त्याखाली तहसीलदार शेताच्या हद्दीवरून वाट देऊ शकतो. त्या निर्णयाविरुद्ध एका वर्षात दिवाणी दावा करता येतो.

मिळालेली वाट ज्या प्रकारची, त्याच प्रकारची राहते. सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम 28 नुसार एका प्रकारच्या वाटेच्या हक्कात दुसऱ्या प्रकारचा येत नाही. डोक्यावर भाताचे भारे नेण्याच्या पायवाटेवरून रिक्षा किंवा चिऱ्याचा डंपर नेण्याचा हक्क मिळत नाही. बागा विकत घेऊन बंगले बांधणाऱ्यांच्या हे उशिरा ध्यानात येते. दुसऱ्या बाजूने, वाट ज्याच्या जमिनीतून जाते त्यालाही ती इतकी अरुंद करता येत नाही की तिचा वापरच कठीण व्हावा.

पाणी आणि कडा

काही हक्क मिळवावे लागत नाहीत, ते जमिनीबरोबरच असतात. कलम 7 मध्ये त्यांची उदाहरणे दिली आहेत आणि 3,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या पट्टीत ती रोजच्या कामाची आहेत. वरच्या जमिनीवर पडलेले पावसाचे पाणी नैसर्गिक उताराने खालच्या जमिनीत जाऊ देणे खालच्या मालकाला भाग आहे. बांध घालून ते वर तुंबवणे ही चूक. पण हा नियम नैसर्गिक वाहण्यापुरताच आहे. वरच्याने अंगण काँक्रीटचे केले, सगळे पाणी एका गटारात गोळा केले आणि ते खालच्याच्या माजघराच्या भिंतीवर सोडले, तर त्याला या कलमाचा आधार नाही. तो उपद्रव आहे आणि त्याची भरपाई मागता येते. पाण्याचा मोठा साठा करणाऱ्याची जबाबदारी आणखी कडक असते. इंग्लंडमध्ये 1868 साली हाऊस ऑफ लॉर्ड्सने रायलँड्स विरुद्ध फ्लेचर या निकालात ठरवले की साठवलेले घातक पाणी सुटून शेजाऱ्याचे नुकसान झाले, तर हयगय सिद्ध न करताही साठवणारा जबाबदार असतो. हे तत्त्व भारतीय न्यायालयांनीही, अपवादांसह, स्वीकारले आहे.

आधाराचा हक्क कोकणाबाहेर फारसा चर्चेत येत नाही. इथे चिरेखाणीमुळे तो जिवंत आहे. शेजारच्या जमिनीने आपल्या जमिनीला बाजूने दिलेला नैसर्गिक आधार काढून घेता येत नाही. हद्दीला लागून चिरा काढत वीस-पंचवीस फूट खाली गेले आणि पावसाळ्यात वरचा कडा, त्यावरच्या काजूंसकट, खाणीत कोसळला, तर खाणवाल्याला भरपाई द्यावी लागते. हा हक्क मोकळ्या जमिनीचा आहे. वर बांधलेल्या घराच्या जादा वजनाचा आधार मागायचा तर पुन्हा 20 वर्षांचा हिशेब येतो.

विहिरीची बाजू मात्र दुबळी आहे. ठराविक प्रवाहात न वाहणारे भूगर्भातले पाणी प्रत्येकाने आपल्या हद्दीत काढावे असा जुना नियम आहे, आणि दीर्घ वापराने त्यावर हक्क सांगता येत नाही. शेजारच्या बोअरने आपली विहीर आटली तर या कायद्यात जवळपास काहीच दाद नाही. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांना महाराष्ट्र भूजल अधिनियम, 2009 चे काही संरक्षण आहे, घरच्या विहिरीला ते तसे नाही. हा मोठा अन्याय आहे.

हद्दीपलीकडे आलेल्या आंब्याच्या फांदीबद्दल नियम सोपा आहे: शेजारी आपल्या हद्दीतच उभा राहून ती हद्दीपर्यंत तोडू शकतो, आणि ती 20 वर्षे तशीच होती असे सांगून झाडमालकाला हक्क मिळत नाही. त्याआधी झाडमालकाला सांगावे हे बरे. कायदा ते मागत नाही, पण पुढची बरीच भांडणे त्याने टळतात.

पालखी आणि पुळण

शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी ठरलेल्या वाटेने घरोघर जाते, कधी कोणाच्या अंगणातून, कधी कापलेल्या मळ्यातून. कोळीवाड्यांत पुळणीवर (समुद्रकाठच्या वाळूवर) मासळी सुकवली जाते, होड्या ओढून ठेवल्या जातात. हे हक्क एखाद्या जमिनीच्या उपभोगासाठी नसतात, गावाचे किंवा समाजाचे असतात. म्हणून ते व्याख्येप्रमाणे सुविधाधिकार नव्हेत, आणि सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम 2 ने असे रूढ हक्क बाजूला सुरक्षित ठेवले आहेत. ते टिकण्यासाठी रूढी जुनी, निश्चित आणि वाजवी असल्याचे दाखवावे लागते. पालखीच्या वाटेचा दावा वीस वर्षांच्या कलमाखाली लावला तर नाहक गुंता होतो. तो रूढीचा म्हणूनच मांडायला हवा. कलम 18 च्या रूढिजन्य सुविधाधिकारापासूनही तो वेगळा आहे. त्या कलमातले उदाहरण गावच्या सामाईक कुरणात गुरे चारण्याच्या शेतकऱ्यांच्या हक्काचे आहे, आणि तो हक्क शेतजमिनीला जोडलेला असतो.

दाद

वाट अडवली म्हणून स्वतः गडगा पाडणे कलम 36 ने मना आहे, हक्क कितीही पक्का असला तरी. शेतात जाण्याची वाट किंवा पाणी अडवले असेल तर सर्वांत जलद मार्ग मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 चा. अर्ज तहसीलदाराकडे, अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. तिथे मालकी किंवा हक्काचा अंतिम निवाडा होत नाही, अडथळा तेवढा दूर होतो.

पक्का निर्णय दिवाणी न्यायालयात मिळतो. दाव्याला वाटेचा नकाशा जोडावा, लांबी-रुंदी आणि गट क्रमांक लिहावेत. 'वाडीतून पूर्वापार वाट आहे' एवढ्यावर हुकूमनामा होत नाही, आणि झाला तरी बजावता येत नाही. निरंतर मनाई आणि उभारलेला अडथळा काढण्याचा आदेश या मागण्या विशिष्ट अनुतोष अधिनियम, 1963 च्या कलम 38 आणि 39 खाली येतात. नुकसानभरपाई हवी असेल तर अडथळ्याने भरीव नुकसान झाल्याचे दाखवावे लागते. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) कोल्हापुरात बसू लागले. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाची प्रकरणे आता तिथे जातात, रायगडची मुंबईतच चालतात.

वाद होण्याआधी करायचे काम एकच आहे: दोघांनी मिळून वाटेचा करार लिहून तो दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा आणि तलाठ्याकडे सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात फेरफार घालण्यासाठी अर्ज द्यावा. करारात वाट कोणत्या गटातून जाते, किती फूट रुंद आहे, तिच्यावरून पायी जायचे की वाहनाने आणि पावसाळ्यात वाहून गेली तर दुरुस्ती कोणी करायची, हे चारही मुद्दे असावेत.