मते फुटली की आमदार फुटले?

गोव्यात निवडणुकीच्या गप्पांत 'फूट' हा शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. एक फूट मतदानाच्या दिवशी मतदारांकडून पडते. दुसरी निकालानंतर, पर्वरीच्या विधानसभेत आमदार पाडतात. पहिलीचे मूळ मतमोजणीच्या पद्धतीत आहे, दुसरीचे राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टात, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यात. दोन्हींचा राग मात्र एकाच खात्यात जमा होतो आणि तिथेच हिशेब चुकतो.

आधी मतांची फूट. आपल्याकडे ज्याला सर्वांत जास्त मते तो विजयी, निम्म्या मतांची अट नाही. चार-पाच तगडे उमेदवार उभे राहिले की जिंकायला लागणारी मते झपाट्याने कमी होतात. 2022 मध्ये नावेलीत भाजपचा उमेदवार जवळपास एक चतुर्थांश मतांवर निवडून आला. तृणमूलची उमेदवार 430 मतांनी मागे राहिली आणि काँग्रेस व 'आप' यांनीही हजारोंनी मते घेतली. आपले मतदारसंघ तेव्हा सरासरी 29 हजार मतदारांचे होते, त्यामुळे एखाद-दुसरा वाडा इकडचा तिकडे झाला तरी निकाल फिरतो.

पण हरलेल्यांच्या मतांची नुसती बेरीज करून 'युती असती तर जिंकलो असतो' म्हणणे घाईचे. त्या बेरजेत असे गृहीत धरलेले असते की प्रत्येक मतदाराची दुसरी पसंती तीच होती आणि पहिली पसंती नसती तरी तो घरी बसला नसता. शिवाय तिसरा उमेदवार म्हणजे मते खाणाराच, हेही खरे नाही. त्याच निवडणुकीत सांत आंद्रेत रिव्होल्युशनरी गोवन्स (आरजी) या पक्षाचा उमेदवार 76 मतांनी जिंकला. राज्यभर नऊ टक्क्यांवर मते मिळवूनही आरजीला ती एकच जागा मिळाली. 'आप'ला सात टक्क्यांहून कमी मते, पण जागा दोन: बाणावली आणि वेळ्ळी. आरजीची मते राज्यभर पसरली, 'आप'ची या दोन जागा असलेल्या सासष्टी तालुक्यात साचली. या पद्धतीत छोट्या पक्षाला पसरट मते फारशी उपयोगी पडत नाहीत.

आता आमदारांची फूट. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्याने पक्ष सोडणारा आमदार अपात्र ठरतो, पण सुरुवातीला पक्षाचे एक तृतीयांश आमदार एकदम फुटले तरी चालत असे. 2003 च्या 91 व्या घटनादुरुस्तीने ती सवलत काढली. राहिले ते दुसऱ्या पक्षात 'विलीनीकरण', त्याला पक्षाचे दोन तृतीयांश आमदार लागतात. (गोव्यातल्या जुन्या माणसाला हा शब्द ऐकला की महाराष्ट्रात विलीन व्हायचे का, यावरचा 1967 चा जनमत कौल आठवतो. हे ते नव्हे.) मार्च 2019 मध्ये मगोच्या (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या) तिघांतले दोघे भाजपमध्ये गेले. त्याच वर्षी जुलैत काँग्रेसच्या 15 पैकी 10 गेले आणि सप्टेंबर 2022 मध्ये 11 पैकी 8. आकडे योगायोगाने आलेले नाहीत: 15 ला 10 आणि 3 ला 2 नेमके पुरतात, 11 ला 7.33 भरतात म्हणून आठवा गोळा करावा लागतो. लहान विधानसभेत एवढी माणसे जमवणे अवघड नाही. त्यात भर म्हणजे, त्याच घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाला 15 टक्क्यांची मर्यादा घातली खरी, पण कोणत्याही राज्यात किमान 12 मंत्र्यांची मुभा ठेवली. 40 आमदारांच्या गोव्यात ही मुभा 30 टक्के भरते, म्हणजे फुटणाऱ्यांना देण्याजोगी पदेही जास्त!

अपात्रतेचा निर्णय सभापती देतात. 2019 च्या प्रकरणात तो एप्रिल 2021 मध्ये आला आणि फुटलेले आमदार वाचले. उच्च न्यायालयाने तो कायम केला 24 फेब्रुवारी 2022 ला, म्हणजे नव्या निवडणुकीचे मतदान होऊन दहा दिवसांनी. अपक्षांचे गणित निराळे: निवडून आल्यावर अपक्ष एखाद्या पक्षात शिरला तर अपात्र ठरतो, बाहेरून सरकारला पाठिंबा दिला तर नाही. 2022 मध्ये तिघा अपक्षांनी नेमके तेच केले.

म्हणून एका फुटीचा इलाज दुसरीला लागू पडत नाही. निवडणूकपूर्व युतीने मतांची फूट कमी होते, पण निकालानंतर आमदार कुठे जाईल यावर तिचे बंधन नाही. जानेवारी 2022 मध्ये काँग्रेसने उमेदवारांना देऊळ, क्रूस आणि दर्ग्यापुढे पक्ष न सोडण्याची शपथ दिली होती. कायद्याच्या लेखी तिला किंमत नव्हती. उलट, मतदाराला पसंतीक्रम लिहू दिला तर नावेलीसारखा निकाल बदलू शकेल, पण दोन तृतीयांशाचे गणित जसेच्या तसे राहील. गंमत म्हणजे पसंतीक्रमाने मत देण्याची सोय गोव्यात आजही आहे: राज्यसभेच्या एकमेव जागेसाठी आमदार मतपत्रिकेवर 1, 2, 3 लिहितात आणि ती आपापल्या पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवूनच पेटीत टाकतात.