एसीचा फॅन गेला म्हणजे नक्की कुठला?

सोलापुरात एप्रिल लागला की गॅरेजवर रोज ऐकू येतं, "एसीचा फॅन गेलाय, जरा बघा." कुठला फॅन, हे गाडीवाला सांगत नाही आणि मिस्त्री विचारत नाही. एसीला दोन फॅन लागतात. एक हवा तुमच्या तोंडावर फेकतो, दुसरा एसीतली उष्णता गाडीबाहेर टाकतो.

पहिला, म्हणजे ब्लोअर, सगळ्यांना ठाऊक आहे. तो डॅशबोर्डच्या आत, बहुतेक गाड्यांत डावीकडच्या कप्प्यामागे असतो. तो बंद पडला की जाळीतून हवाच येत नाही. कुठल्याच स्पीडला हलत नसेल तर आधी फ्यूज बघा, मग मोटर. फिरवायचं बटण असलेल्या गाडीत तो फक्त शेवटच्या स्पीडला चालत असेल, तर मोटर चांगली आहे, रेझिस्टर (स्पीड कमी-जास्त करणारा भाग) जळलाय. मोटर बदलू देऊ नका. हवा मंद येत असेल तर केबिन फिल्टर काढून झटका.

खरा घोळ दुसऱ्याचा, कंडेन्सर फॅनचा. कंडेन्सर म्हणजे एसीतली उष्णता बाहेर सोडणारी नळ्या-पत्र्यांची चौकट. हा फॅन बॉनेटखाली रेडिएटरला लागून असतो, आतून दिसत नाही. तो बंद पडला तरी ब्लोअर जोरात चालतो, हवा भरपूर येते, फक्त गार येत नाही. म्हणून त्याच्यावर कुणाचा संशयच जात नाही आणि सरळ निकाल लागतो: "मालक, गॅस संपलाय."

माझ्या गाडीचं असंच झालं. मोहोळहून येताना हायवेवर गाडी गारेगार. पुणे नाका ओलांडून शहरात शिरलो, सात रस्त्याच्या सिग्नलला थांबलो आणि दोन मिनिटांत जाळीतून कोमट हवा. गाडी हलली की पुन्हा गार. गॅस भरून घेतला, तरी तेच. कारण साधं होतं. गाडी धावते तेव्हा समोरचा वाराच कंडेन्सर थंड करतो, फॅनची उणीव भासत नाही. गाडी थांबली की वारा थांबतो, कंडेन्सर तापतो, गॅसचा दाब चढतो आणि प्रेशर स्विच कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबणारा पंप, बंद करतो. अशा वेळी वरून जादा गॅस भरला तर दाब आणखीच चढतो.

गॅस कमी असला तरी उभ्या गाडीत गारवा घटतो, फसायला होतं ते इथेच. पण तेव्हा हायवेवरही गारवा नेहमीसारखा नसतो. आणि गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. कमी झालाय म्हणजे कुठेतरी गळतोय. गळती न शोधता "टॉपअप" करणाऱ्याकडे मी गाडी नेत नाही.

ओळखायला पाच मिनिटं पुरतात. गाडी सावलीत उभी करा, इंजिन आणि एसी चालू ठेवून बॉनेट उघडा. कंडेन्सर फॅन थोड्या वेळात फिरायला हवा. हात लांब ठेवा, तो कधीही सुरू होतो. फिरत नसेल आणि हवा कोमट झाली असेल, तर समोरच्या जाळीतून कंडेन्सरवर बादलीभर पाणी हळूहळू मारा. मिनिटभरात आत गार हवा येते का बघा. आली, तर दोष कंडेन्सर थंड न होण्याचा. फॅन फिरत असूनही असंच झालं, तर कंडेन्सरच्या पत्र्यांत धूळ आणि किडे अडकलेत. तो धुऊन घ्या.

फॅन फिरतच नसेल तर फ्यूज बघा, मग रिले (फॅनला करंट देणारा छोटा स्विच) काढून त्याच डब्यातला त्याच नंबरचा दुसरा लावून बघा. तरीही नाही, तर फॅनच्या सॉकेटला टेस्ट लॅम्प लावायला सांगा. दिवा पेटला म्हणजे करंट पोचतोय, मोटर गेली. नाही पेटला तर वायरिंग किंवा सेन्सर. फॅन "डायरेक्ट" करून, म्हणजे थेट वायर जोडून देतो असं कुणी म्हणालं तर नाही म्हणा. त्यानं मूळ दोष झाकला जातो आणि मोटर विनाकारण सतत फिरून झिजते.

ज्या गाडीत रेडिएटर आणि कंडेन्सरला मिळून एकच फॅन आहे, तिथे तो बंद असताना टेंपरेचरच्या काट्यावर नजर ठेवा. काटा वर सरकला तर एसी लगेच बंद करा, गाडी बाजूला घ्या आणि इंजिनही बंद करा. रेडिएटरचं झाकण मात्र गरम असताना उघडू नका.