एक्स-रे नॉर्मल आला, तरी...

दोन-तीन वर्षांच्या मुलाला "कुठे दुखतंय?" विचारून फारसं हाती लागत नाही. पाठ दुखत असली तरी ते पोटावर बोट ठेवू शकतं, किंवा नुसतं भोकाड पसरतं. म्हणून मूल पडलं-धडपडलं, तर पाठीच्या कण्याला इजा झाली का हे कळायला त्याच्या उत्तरांपेक्षा हालचालींकडे बघावं.

खेळणं जमिनीवर ठेवा. पाठ दुखणारं मूल कंबरेत वाकत नाही. पाठ ताठ ठेवून गुडघ्यात खाली बसतं आणि हात टेकत उठतं. मान दुखत असेल तर ती एका बाजूला कलती धरतं, हाक मारली की अख्खं अंग वळवून बघतं. अगदी तान्हं बाळ लंगोट बदलताना पाय उचलले की कळवळतं. अर्थात, ही परीक्षा किरकोळ धडपडीनंतरची. मार मोठा असेल तर मुलाला हलवायचंच नाही.

मुलं लवचिक असतात, त्यांना काही होत नाही, असं आपण कौतुकाने म्हणतो. खरी अडचण त्या लवचिकपणातच आहे. लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं, मानेचे स्नायू कच्चे, मणक्यांना बांधणारे अस्थिबंध सैल. त्यामुळे साधारण आठ वर्षांखालच्या मुलांत इजा बहुधा मानेच्या वरच्या मणक्यांपाशी होते. नवजात अर्भकाचा कणा सुमारे 5 सेंटिमीटर ताणला जाऊ शकतो. आतला मज्जारज्जू, म्हणजे मेंदूपासून खाली येणारा नसांचा दोर, मात्र जेमतेम 6 मिलिमीटर ताण सोसतो. धक्क्याने कणा ताणला जातो, पुन्हा जागेवर येतो, एक्स-रे स्वच्छ दिसतो, आणि आतला मज्जारज्जू दुखावलेला असतो! पँग आणि विल्बर्गर या डॉक्टरांनी 1982 साली या प्रकाराला 'स्कायवोरा' (एक्स-रेत न दिसणारी मज्जारज्जूची इजा, अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं) असं नाव दिलं. तो बहुतेकदा एमआरआयमध्येच दिसतो.

त्याची लक्षणं कधीकधी काही तासांनी, क्वचित दोन-चार दिवसांनीही उमटतात. त्यामुळे पडल्या क्षणी "हाताला मुंग्या आल्या", "पाय हलेना" असं मूल म्हणालं आणि पाच मिनिटांत खेळायला लागलं, तरी ते वाक्य डॉक्टरांना सांगायलाच हवं. हातापायातला जोर कमी होणं, लघवी अडणं किंवा नकळत होणं, म्हणजे थेट रुग्णालय. अपघातानंतर पोटावर सीटबेल्टचा आडवा वळ दिसला तरी तेच. त्या वळामागे कंबरेच्या मणक्याचं फ्रॅक्चर आणि आतड्याची इजा लपलेली असू शकते.

रुग्णवाहिका येईपर्यंत डोकं, मान आणि धड एका रेषेत राहू द्या. सपाट जागी मोठ्या डोक्यामुळे लहान मुलाची मान पुढे वाकते, म्हणून रुग्णवाहिकेतले कर्मचारी त्याच्या खांद्यांखाली आणि पाठीखाली कापडाची घडी सरकवतात. मूल धडपडत असेल तर डोकं जबरदस्तीने दाबून धरू नका, त्याने मानेवर ताण वाढतो. उलटी आली तर डोक्यासकट सगळं अंग एकदम कुशीवर वळवा.

आणि पडल्याचं काहीच निमित्त नसताना चालतं मूल बसायला-चालायला नकार देऊ लागलं, रात्री पाठीच्या दुखण्याने उठू लागलं, तर मणक्यांमधल्या चकतीला झालेला संसर्गही तपासावा लागतो. त्यात ताप दरवेळी असतोच असं नाही.