हिमोग्लोबिन वाढत का नाही? उत्तर यकृतात आहे

कॉलेजच्या रक्तदान शिबिरात निळ्या मोरचुदाच्या द्रावणाचं एक भांडं ठेवलेलं असतं. बोटाला सुई टोचून काढलेला थेंब त्यात सोडतात. रक्तात हिमोग्लोबिन पुरेसं असेल तर थेंब जड असतो आणि पंधरा सेकंदांत तळाला जातो. तो वरच रेंगाळला तर हिमोग्लोबिन १२.५ ग्रॅमच्या खाली आहे असं समजतात आणि रक्तदान करू देत नाहीत. परत पाठवलेल्यांत मुली जास्त असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. जिना चढताना धाप लागणं, लेक्चरला पेंग येणं याला आपण सरसकट 'अभ्यासाचा ताण' म्हणून मोकळे होतो.

मग घरून सल्ला येतो: बीट खा, रक्त वाढेल. बीट लाल असतं ते बीटालेन नावाच्या रंगद्रव्यामुळे, त्याचा हिमोग्लोबिनशी काही संबंध नाही. हिमोग्लोबिन बनायला लागतं लोह, आणि शंभर ग्रॅम बिटात ते जेमतेम एक मिलिग्रॅम असतं. 'सात दिवसांत रक्त वाढवा' असं सांगणाऱ्या पावडरींवर तर महिन्याचे पैसे मुळीच घालवू नयेत.

खरी गंमत पोटात गेलेल्या लोहाचं पुढे काय होतं यात आहे. जादा लोह बाहेर टाकायची सोय शरीराकडे नाही, आणि साठलेलं लोह यकृत-हृदयाला घातक ठरतं. म्हणून सगळं नियंत्रण आत घेतानाच होतं. लहान आतड्याच्या पेशी अन्नातलं लोह शोषतात, पण ते लगेच रक्तात जात नाही. पेशीच्या रक्ताकडच्या बाजूला फेरोपोर्टिन नावाचं प्रथिन असतं, तेच बाहेर पडायचं एकमेव दार. या दारावर हुकूम चालतो हेपसिडिनचा. हा अवघ्या २५ अमिनो आम्लांचा संप्रेरक यकृतात तयार होतो. रक्तात लोह वाढलं की यकृत हेपसिडिन सोडतं, ते फेरोपोर्टिनला जाऊन चिकटतं, आणि पेशी ते दार आत ओढून चक्क मोडून टाकते. लोह पेशीतच फेरिटिन या लोह साठवणाऱ्या प्रथिनात अडकतं आणि चार-पाच दिवसांनी पेशी झडली की शौचावाटे निघून जातं.

आता गोळीकडे बघा. साठ मिलिग्रॅम लोहाची गोळी सकाळी घेतली की हेपसिडिन वाढतं आणि दुसऱ्या दिवशीही चढंच राहतं. त्यामुळे दुसऱ्या गोळीतलं लोह कमी शोषलं जातं. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी शरीरातला लोहसाठा कमी असलेल्या तरुणींवर हे मोजलं आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध केलं: रोज गोळी घेणाऱ्यांनी त्यातलं सुमारे १६ टक्के लोह शोषलं, दिवसाआड घेणाऱ्यांनी सुमारे २२ टक्के. गोळीने पोट बिघडतं म्हणून ती अर्ध्यावर सोडणाऱ्या मुलींनी डॉक्टरांना दिवसाआडचा पर्याय जरूर विचारावा.

संसर्गातही हेपसिडिन वाढतं. दाहाच्या वेळी सुटणारं इंटरल्युकिन-६ हे निरोप पोचवणारं प्रथिन यकृताला तसा इशारा देतं, कारण जंतूंनाही वाढायला लोह लागतं आणि शरीर ते त्यांच्यापासून लपवतं. वारंवार आजारी पडणाऱ्या मुलीचं हिमोग्लोबिन चांगलं खाऊनही वर येत नाही, त्यामागे हे एक कारण असू शकतं.

चहाचा अडथळा त्याही आधीचा. त्यातली टॅनिन्स लोहाला आतड्यातच बांधून ठेवतात. मेसमधल्या जेवणावर लगेच चहा घेतला तर पालेभाजीतलं बरंचसं लोह वाया जातं. त्याऐवजी वरणावर लिंबू पिळावं. क जीवनसत्त्व लोहाला शोषता येईल अशा रूपात आणतं.

पाळीत दर महिन्याला साधारण १५ ते २० मिलिग्रॅम लोह जातं, रक्तस्राव जास्त असेल तर त्याहून अधिक. तेव्हा स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटायला लाजू नये. आणि हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही तपासून घ्यावं, कारण थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या वाहक मुलीचंही हिमोग्लोबिन थोडं कमीच असतं आणि लोह पुरेसं असताना गोळ्या कितीही घेतल्या तरी ते वाढत नाही.