काचेच्या प्लेटांवरचं बेसबॉल

बेसबॉलचा गाजलेला फलंदाज टाय कॉब तिसऱ्या बेसवर, म्हणजे धावताना गाठायच्या तिसऱ्या टप्प्यावर, घसरत येतोय. दातओठ आवळलेले, मातीचा धुरळा उडालेला, आणि बेस राखणारा जिमी ऑस्टिन त्या धडकेत कोलमडलेला. न्यूयॉर्कच्या हिलटॉप पार्क मैदानावर १९१० साली टिपलेला हा फोटो अमेरिकेत आजही पुन्हा पुन्हा छापला जातो. तो पाहून हळवे होणाऱ्यांपैकी कोणीच त्या दिवशी मैदानात नव्हतं. कित्येकांचे तर आजोबाही तेव्हा जन्मले नव्हते. न जगलेल्या काळाची एवढी ओढ लागते, त्याचं श्रेय खेळाडूंइतकंच फोटो काढणाऱ्यांनाही द्यायला हवं. ते कुठे उभे होते, त्यांच्या हातात काय होतं आणि त्यांच्या कामातलं काय टिकलं, यावर आपल्यापर्यंत पोचलेलं जुनं बेसबॉल ठरलं आहे.

सुरुवात स्टुडिओत झाली. १८८०च्या दशकात ‘ओल्ड जज’ सिगारेटच्या पाकिटांत खेळाडूंचे छोटे, तपकिरी झाक असलेले फोटो पुठ्ठ्यावर चिकटवून येऊ लागले. पळता माणूस मैदानावर स्पष्ट टिपणं तेव्हाच्या कॅमेऱ्यांना अवघडच होतं. म्हणून रंगवलेल्या पडद्यासमोर खेळाडूला उभं करत, छतापासून दोऱ्याने चेंडू टांगत आणि तो झेलण्याचा आविर्भाव करायला लावत. काही फोटोंत तो दोरा चक्क दिसतो! पुढे १९०९ ते १९११ दरम्यान अमेरिकन टोबॅको कंपनीने खेळाडूंच्या चित्रांचे रंगीत छापील पत्ते (कार्डं) काढले. त्यातला होनस वॅग्नर या नामांकित खेळाडूचा पत्ता बॉस्टनच्या कार्ल हॉर्नरने काढलेल्या फोटोवरून बनवलेला होता. वॅग्नरच्या आक्षेपामुळे तो फारसा बाजारात गेलाच नाही. आज त्याच्या मोजक्याच प्रती उरल्या आहेत. २०२२ साली त्यातली एक ७२.५ लाख डॉलरना विकली गेली. या किमतीत हौसेपेक्षा दुर्मीळपणाचा भाग मोठा आहे, त्यामुळे आठवणींचा विषय निघाला की मला हा पत्ता थोडा बाजूला ठेवावासा वाटतो.

खरी मोहिनी घातली ती चार्ल्स कॉनलनने. हा गृहस्थ न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात मुद्रितशोधक होता. फोटोग्राफी त्याची हौस. खेळाचं साहित्य बनवणाऱ्या स्पॉल्डिंग कंपनीच्या बेसबॉल वार्षिकासाठी फोटो हवे होते, म्हणून १९०४ च्या सुमारास संपादक जॉन फॉस्टरने त्याला मैदानावर जायला सुचवलं, आणि तो १९४२ पर्यंत जातच राहिला. ग्राफ्लेक्स कॅमेरा, त्यात काचेची प्लेट, एका प्लेटवर एकच फोटो. दहा झटपट फोटो घेऊन त्यातला चांगला निवडायची सोय नव्हती. माणूस वाचायचा, क्षण ओळखायचा आणि बटण दाबायचं. तेव्हा फोटोग्राफरना मैदानातच, बेसपासून काही पावलांवर उभं राहता येई. खेळाडू त्याच्याशी गप्पा मारत, तो त्यांना नावाने ओळखे. म्हणून त्याने काढलेल्या चेहऱ्यांत परकेपणा नाही. उन्हाने रापलेली कातडी, डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या, गणवेशाचं जाड लोकरी कापड, चेंडूवर रुतलेली पिचरची (चेंडू फेकणाऱ्याची) बोटं, हे सगळं हात लावून पाहावं इतकं जवळ येतं. मागचे प्रेक्षक मात्र धूसर. आजच्या लांब भिंगांना मैदानाबाहेरून घामाचा थेंबही दिसतो, पण ही ओळख त्यांना मिळत नाही, असं मला मनापासून वाटतं.

सुरुवातीचा कॉबचा फोटोही कॉनलननेच काढलेला. त्याची हकिकत त्याने पुढे स्वतःच सांगितली. तो तिसऱ्या बेसजवळ उभा होता. ऑस्टिन त्याचा चांगला दोस्त. कॉब अंगावर आला तेव्हा कॉनलनच्या मनात पहिली काळजी आली ती मित्राला लागलं की काय, याची. तो धडधाकट आहे हे पाहिल्यावर मग प्रश्न पडला, आपण फोटो काढला का? आठवेना. ऑस्टिनला विचारलं, तर त्यालाही सांगता येईना. असावा म्हणून त्याने प्लेट बदलली, आणि आधीची धुतल्यावर त्यात तो सगळा प्रसंग उमटलेला होता.

१२ जून १९३९ रोजी कूपर्सटाउनमध्ये हॉल ऑफ फेम, म्हणजे थोर बेसबॉलपटूंच्या सन्मानाचं संग्रहालय, उघडलं, तेव्हाचा गटफोटोही असाच लाडका. बेब रूथ, साय यंग, वॅग्नर, वॉल्टर जॉन्सन असे दहा जण एका फोटोत आहेत. कॉब उशिरा पोचल्यामुळे नाही. क्रिकेटवाल्यांना आवडेल असा एक फोटो १९३२ सालचा: न्यूयॉर्कला गेलेला डॉन ब्रॅडमन यांकी स्टेडियममध्ये बेब रूथशेजारी बसलाय.

रूथचा शेवटचा प्रसिद्ध फोटो मात्र पाठमोरा आहे. १३ जून १९४८ रोजी यांकी स्टेडियमचा पंचविसावा वाढदिवस होता आणि रूथचा ३ क्रमांक कायमचा निवृत्त होणार होता, म्हणजे संघात तो पुन्हा कोणाला मिळणार नव्हता. कॅन्सरने पोखरलेला रूथ बॅट काठीसारखी टेकून उभा होता. ‘हेरल्ड ट्रिब्यून’चा नेहमीचा क्रीडा फोटोग्राफर आजारी, म्हणून नॅट फीनला पाठवलेलं. फीन रूथच्या मागे गेला, कारण निवृत्त होणारा आकडा पाठीवर होता. फ्लॅश न वापरता, ढगाळ उजेडात त्याने तो टिपला. दोनच महिन्यांनी, १६ ऑगस्टला रूथ गेला. पुढच्या वर्षी फीनला पुलित्झर मिळालं.

या साऱ्या फोटोंत एक मोठी पोकळी आहे आणि ती न सांगता हळवं होणं मला पटत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मेजर लीग या अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल स्पर्धेतल्या संघमालकांनी अलिखित संगनमताने कृष्णवर्णीय खेळाडूंना दार बंद केलं, ते १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून उतरला तेव्हा उघडलं. मधल्या काळात कृष्णवर्णीय खेळाडू स्वतःच्या, निग्रो लीग म्हटल्या जाणाऱ्या लीगमध्ये खेळत होते. मोठ्या वार्षिकांचे कॅमेरे मात्र मेजर लीगकडेच वळलेले. त्यातल्या होमस्टेड ग्रेज संघाचा कॅचर (फलंदाजामागे चेंडू झेलणारा) जॉश गिब्सन रॉबिन्सनच्या त्या सामन्याआधी तीनच महिने, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी वारला. २०२४ साली मेजर लीगने निग्रो लीगची आकडेवारी आपल्या अधिकृत नोंदींत घेतली, आणि कारकिर्दीतल्या फलंदाजी सरासरीत (बेसबॉलमध्ये ती धावांची नसून यशस्वी फटक्यांच्या प्रमाणाची असते) गिब्सन .३७२ वर पहिला आला. त्याने मागे टाकलं ते .३६७ वाल्या टाय कॉबला.

गिब्सनचा काळ डोळ्यांनी पाहायचा तर पिट्सबर्गच्या चार्ल्स ‘टीनी’ हॅरिसकडे जावं लागतं. तो ‘पिट्सबर्ग कूरिअर’ या कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्राचा फोटोग्राफर. एकाच फ्लॅशमध्ये काम उरकायचा, म्हणून शहराचा महापौर त्याला ‘वन शॉट’ म्हणे. ग्रेज आणि क्रॉफर्ड्स या संघांचे खेळाडू त्याने टिपले, तसेच गल्लीतले सामने, लग्नं, दुकानं आणि मिरवणुकाही. कॉनलनच्या उरलेल्या सात हजारांहून अधिक निगेटिव्ह २०१६ च्या लिलावात सुमारे १८ लाख डॉलरना गेल्या. हॅरिसच्या जवळपास ८० हजार निगेटिव्ह २००१ साली पिट्सबर्गच्याच कार्नेगी कला संग्रहालयाने घेतल्या. त्यांच्यासोबत नावं-तारखांच्या नोंदी फारच थोड्या होत्या. म्हणून संग्रहालयाने शहरातल्या वयस्कर मंडळींना बोलावून फोटो दाखवले, आणि हा कोण, ही कोणाची मुलगी, हे मैदान कुठलं, असं विचारून माहिती लिहून घ्यायला सुरुवात केली.