मडगार्डची कड

चोर्ला घाटातल्या एखाद्या अवघड वळणावर स्टिअरिंग पूर्ण फिरवलेले असते, नेमके तेव्हाच पुढचे चाक खड्ड्यात जाते आणि खालून ‘खर्र’ असा आवाज येतो. टायर मडगार्डला घासलेला असतो. हौसेने मोठे टायर घातलेल्या थार, जिम्नी, जुन्या जिप्सी यांच्या मालकांना हा आवाज चांगलाच ओळखीचा. गंमत अशी, की तीच गाडी पणजी-म्हापसा रस्त्यावर महिनोन्‌महिने चूं करत नाही. मग मालक म्हणतो, टायर ‘बसला’. प्रत्यक्षात तो फक्त सरळ उभ्या गाडीत बसलेला असतो.

जिम्नीचा मूळ टायर १९५/८० आर १५. म्हणजे रुंदी १९५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के म्हणजे १५६, आणि रिम १५ इंची म्हणजे ३८१. एकूण व्यास ६९३ मिलिमीटर. त्याऐवजी २१५/७५ आर १५ घातला तर व्यास होतो साधारण ७०३. त्रिज्येत फरक जेमतेम ५ मिलिमीटरचा. एवढ्याने मडगार्डला काय होणार, असे कुणालाही वाटेल.

पण पुढचे चाक स्वतःच्या मध्याभोवती वळत नाही. ते वळते स्टिअरिंगच्या अक्षाभोवती, आणि तो अक्ष चाकाच्या मध्यापासून थोडा आत असतो. त्यामुळे वळताना सर्वांत लांब पोहोचतो तो टायरचा बाहेरचा खांदा, म्हणजे रस्त्याला टेकणारा भाग आणि बाजूची भिंत जिथे मिळतात ती कड. हिशोबापुरते धरू, की हा अक्ष चाकाच्या मध्यापासून २० मिलिमीटर आत आहे. मूळ टायरचा खांदा अक्षापासून ११७.५ मिलिमीटर बाहेर आणि ३४६.५ मिलिमीटर पुढे. पायथागोरस वापरला की अंतर येते ३६६. आता नवा टायर घ्या आणि सोबत दुकानातून आणलेले ‘रुबाबदार’ रिम, ज्यांचा ऑफसेट २० मिलिमीटरने कमी आहे. ऑफसेट म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला (चाक ज्यावर बोल्टने बसते त्या भागाला) टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर. ते कमी झाले की अख्खे चाक तेवढे बाहेर सरकते. आता तेच अंतर होते ३८१. वाढ १५ मिलिमीटरची, आणि त्यात व्यासाचा वाटा जेमतेम ५. उरलेले १० रुंदीने आणि बाहेर सरकलेल्या रिमने खाल्ले. खऱ्या टायरचे खांदे गोलसर असतात, म्हणून आकडे थोडे खाली येतील, पण हिशोबाची दिशा तीच राहते. कित्येकदा मडगार्डला हात लावायचीही गरज नसते. योग्य ऑफसेटचे रिम घेतले की निम्मा त्रास तिथेच संपतो. हे सांगणारे दुकान मला अजून भेटायचे आहे.

दुसरा गैरसमज लिफ्ट किटचा. स्प्रिंग उंच केल्या की गाडी उभी असताना टायरच्या वर हातभर जागा दिसते. पण चाक खड्ड्यातून वर उसळते तेव्हा ते कुठे थांबायचे हे स्प्रिंगची उंची नव्हे, तर बम्प स्टॉप नावाचा रबरी ठोकळा ठरवतो. ठोकळा जुन्याच जागी असेल तर चाकही जुन्याच उंचीपर्यंत येणार आणि तिथेच घासणार. खरी चाचणी म्हणूनच सोपी आहे. टायरला खडूची पूड फासायची, पुढचे एक चाक आणि तिरक्या कोपऱ्यातले मागचे चाक जमिनीवर ठेवलेल्या ठोकळ्यांवर चढवायचे, मग स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचे. पूड जिथे लागेल तिथेच काम. बहुतेक वेळा ती चाकावरच्या मडगार्डच्या कमानीला लागतच नाही. लागते चाकाच्या मागच्या बाजूला, प्लॅस्टिकच्या आतल्या अस्तराला किंवा दाराखालच्या जोडाला. अस्तर गरम करून मागे दाबले, एखादी क्लिप हलवली, की काही गाड्यांचे एवढ्यावरच भागते.

पूड कमानीच्या कडेला लागली, तर मात्र पत्र्याचे काम आले.

मडगार्डचा पत्रा साधारण ०.७ मिलिमीटर जाड असतो. एवढा पातळ पत्रा थरथरत नाही, कारण त्याची कड आत काटकोनात वळवलेली असते. स्टीलच्या पातेल्याचा काठ वळवतात तो याच कारणासाठी. पट्टीचा ताठपणा तिच्या उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे पाऊण मिलिमीटर पत्र्याला दोन सेंटिमीटरची आडवी कड मिळाली की तो वेगळाच पदार्थ वाटावा इतका कडक होतो. कटरने ही कड सरळ उडवली की मडगार्ड लुळा पडतो. म्हणून पहिला उपाय कापण्याचा नसून कड आणखी आत, वर दुमडण्याचा. चाक काढून हबवर एक उपकरण बसवतात. त्याच्या हाताच्या टोकाला कठीण रबरासारखा रोलर असतो. तो कमानीवर पुढेमागे फिरवत दर फेरीला थोडा थोडा दाब वाढवायचा. घाई केली तर कमानीत लाटा उमटतात आणि उन्हात उभ्या गाडीच्या रंगात त्या लांबूनही दिसतात. टायर आणि मडगार्डच्या मध्ये लाकडी दांडा घालून गाडी ढकलायचा जुगाडही चालतो. तो करणाऱ्याने पुढे रंगाचा खर्चही धरावा.

रंगाचे गणित वेगळे. पत्र्याच्या जाडीइतक्याच त्रिज्येत घडी घातली की तिची बाहेरची बाजू तिसऱ्या हिश्श्याएवढी ताणली जाते. पोलाद हा ताण सोसते, थंड रंग सोसत नाही. तो काचेसारखा तडकतो. रंग म्हणजे पॉलिमर. ठराविक तापमानाच्या वर त्याच्या साखळ्या सैल होतात आणि थर मऊ पडतो. म्हणून रोलर फिरवण्याआधी आणि फिरवताना हीट गनने कड साधारण ६० अंशांपर्यंत तापवतात.

इथपर्यंतचे सगळे पुण्यातही तसेच असते. गोव्यात खरा प्रश्न पुढे सुरू होतो.

दुमडलेल्या कडेत एक अरुंद फट तयार होते. पावसाळ्यात सत्तरी-सांगेच्या वाटांवरची तांबडी माती चाकाने उडते आणि या फटीत जाऊन बसते. ही जांभ्याची माती स्वतः काही लोखंड खात नाही. ती पाणी धरून ठेवते. गाडी बाहेरून कोरडी दिसते, कड आत दिवसेंदिवस ओली असते. त्यात समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यातले मीठ. शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी शोषून स्वतःच विरघळते. समुद्राच्या मिठातले मॅग्नेशियम क्लोराइड तर त्याच्या निम्म्याहून कमी आर्द्रतेतही ओले होते. गोव्यातल्या जून ते सप्टेंबरबद्दल वेगळे सांगायला नको.

फटीच्या तोंडाशी ऑक्सिजन भरपूर, तळाशी फार कमी. या फरकामुळेच एक छोटी बॅटरी तयार होते आणि त्यात विरघळतो तो तळाचा, ऑक्सिजन नसलेला भाग. तिथे लोखंडाचे धन आयन जमतात, त्यांच्याकडे मिठातले क्लोराइड ओढले जातात, पाणी आम्लधर्मी होते आणि गंजण्याचा वेग आणखी वाढतो. वर गंज लोखंडापेक्षा कमीत कमी दुप्पट जागा घेतो, म्हणजे घडी आतून उचकटली जाते, रंग फुगतो. जुने डेंटर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने कमान ठोकत जातात. खणखणीत आवाज बद्द झाला की तिथे बोटाने खरवडायचे. रंगाचा पोपडा निघतो आणि मागून तांबडी ओली भुकटी गळते. माती किती आणि गंज किती, हे नुसत्या रंगावरून कळतही नाही.

मागच्या चाकाची कमान तर अधिक नाजूक. तिथे बाहेरचा पत्रा आणि चाकाची आतली कमान असे दोन थर कडेला स्पॉट वेल्डने जोडलेले असतात. त्या जोडाच्या वर काप घेतला की दोन्ही थर सुटतात, चिखल थेट बॉडीच्या पोकळीत जातो आणि गाडीच्या सांगाड्याचा एक जोडही गेलेला असतो. असा काप घ्यायचाच झाला, तर आतल्या पत्र्याला चिरा देऊन तो बाहेरच्यावर दुमडावा लागतो आणि पुन्हा वेल्ड करावा लागतो. वेल्डिंगच्या आधी आत काय आहे ते पाहावे. अनेक गाड्यांत पेट्रोल भरायची नळी या कमानीमागूनच जाते.

कारखान्यातल्या पत्र्यावर जस्ताचा थर असेल तर कापलेली बारीक कड काही काळ जस्त स्वतः झिजून वाचवते, पण ग्राइंडरच्या आणि वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूचे जस्तही जळते. म्हणून उघडी कड घासून त्याच दिवशी झिंक प्रायमर, त्यावर जोडात भरायचा सीलर, मग रंग, आणि आतल्या पोकळीत मेणाचा फवारा. सीलर घडीच्या वरच्या तोंडाशी हवा. खाली पाणी निघायला वाट मोकळी ठेवायची. हे काम डिसेंबर-जानेवारीत करावे. जुलैत घासलेला पत्रा प्रायमर लागेपर्यंतच तांबूस पडू लागतो. फ्लेअर, म्हणजे कमानीच्या कडेवर बाहेरून बसवायची रुंद पट्टी, लावणार असाल, तर त्याच्या प्रत्येक स्क्रूचे भोक हीसुद्धा एक उघडी कडच.

कायद्याचे थोडक्यात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाला छेद देणारा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कटर चालवण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी, दोघांनाही विचारून घ्यावे.

म्हणूनच, पुढची कमान कापायची वेळ आलीच तर मूळ मडगार्ड कापू नये. तो बहुतेक गाड्यांत बोल्टवर बसतो. भंगारवाल्याकडून त्याच मॉडेलचा दुसरा आणावा, प्रयोग त्यावर करावेत. मूळचा तेलाचा हात फिरवून पोटमाळ्यावर ठेवावा, आणि प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळू नये, नाहीतर आत अडकलेल्या दमट हवेने तोही घरबसल्या गंजेल.